दुसऱ्या गायीच्या पोटातलं पाणी आपल्या गायीला पाजायचं, हे खरंच असतं का?

गोठेकरी:
नमस्कार मंडळी. आमची एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गाय, तिसऱ्या वेताची. घरी वास्तुशांत होती, उरलेला भात आन पुऱ्या पाहुण्यांपैकी कुणीतरी प्रेमानं पाटीभर तिच्यापुढं ओतल्या. रात्री रवंथ बंद, सकाळी आंबूस वासाचं पातळ शेण, उठायलाच तयार नाही. डॉक्टरांनी सलाईन लावलं, खायचा सोडा पाजला, जीव वाचला पण नंतरही वैरणीला तोंड लावेना, तर डॉक्टरांनी शेजारच्या गोठ्यातल्या धडधाकट गायीच्या पोटातलं पाणी नळीनं काढलं, गाळलं आणि हिला नळीनंच पाजलं. आता रवंथ करतेय. पण वडिलांना हे बिलकुल पटलेलं नाही, म्हणतात तिचा रोग हिला लागला म्हंजे? हे शास्त्रात आहे का? आणि मेडिकलवर जिवाणूंची पुडी मिळते तिच्यावर भागलं नसतं का?

गुरांचा_डॉक्टर:
शास्त्रातलंच आहे दादा, आम्हाला कॉलेजात शिकवतात. गाय स्वतः कडबा पचवत नाही, कोठीपोटातले (पोटाचा पहिला, मोठा कप्पा) जिवाणू आणि प्रोटोझोआ (एकपेशीय सूक्ष्मजीव) पचवतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यावर गाय जगते. कोठीपोटाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 6 ते 7 पाहिजे. एकदम भात, पुऱ्या, मक्याचा भरडा असलं काही गेलं की स्टार्चवर जगणारे जिवाणू भसाभस वाढतात, त्यातला स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस आघाडीवर, लॅक्टिक आम्ल साचतं, सामू 5 च्या आसपास किंवा त्याच्याही खाली जातो आणि चोथा पचवणारी मंडळी मरतात. प्रोटोझोआ तर साफ. सोड्यानं आम्ल मोडलं, पण मेलेले कोण परत आणणार? म्हणून ते पाणी. ते कोमट असतानाच, जास्त वेळ न ठेवता पाजायचं, आणि कपभर देऊन काही होत नाही, कमीत कमी 3 लिटर तरी लागतं, जास्त मिळालं तर उत्तम. पुडीत बहुतेक यीस्ट असतं, त्याची मदत होते पण प्रोटोझोआ पुडीतून येत नाहीत.
वडिलांची शंका मात्र रास्त आहे. देणारी गाय टीबी, जोन्स (आतड्याचा जुनाट जुलाबाचा रोग), ब्रुसेलोसिस (गाभ पाडणारा रोग) यांसाठी तपासलेली असावी, जमलं तर आपल्याच गोठ्यातली.

रात्रपाळी_नर्स:
माणसात पण होतं हे, फक्त पोटातलं पाणी नाही तर विष्ठा (जेवत असाल तर सॉरी). अँटिबायोटिक्सनी आतड्यातले चांगले जिवाणू गेले की काही पेशंटांना क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिलचे जुलाब लागतात, औषधानं थांबतात आणि पुन्हा उलटतात. नेदरलँड्समधला 2013 सालचा अभ्यास आहे, निरोगी माणसाची विष्ठा पातळ करून नाकातल्या नळीनं लहान आतड्यात सोडली तर 16 पैकी 13 जण पहिल्याच वेळी बरे झाले, नुसत्या व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकवर 13 पैकी 4. फरक एवढा मोठा दिसला की अभ्यास मधेच थांबवला. पण गोठेकरींच्या वडिलांचं म्हणणं इथेही लागू, 2019 मध्ये अमेरिकेत दात्याकडून औषधांना दाद न देणारा ई. कोलाय गेला आणि एक पेशंट दगावला. तेव्हापासून दात्यांची तपासणी आणखी कडक केलीय. घरी प्रयोग कुणी करू नका, यूट्यूबवर पाहिलेत मी असले व्हिडिओ.

सुबाभूळवाला:
नुसतं नीट करायलाच नाही, जे जिवाणू मुळातच नव्हते ते आणायला पण हे वापरलंय. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ऑस्ट्रेलियात गुरांनी तो पाला भरपूर खाल्ला की केस झडायचे, लाळ गळायची, थायरॉईड सुजायचं. हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला आरामात खायच्या. रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञानं 80 च्या दशकात त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि विषबाधा थांबली, वर सोबत चरणाऱ्या बाकीच्या गुरांमध्ये ते आपोआप पसरले. त्या जिवाणूला पुढं सिनर्जिस्टिस जोन्साय असं नाव पडलं. आपल्याकडं पण बांधावर सुबाभूळ असते बऱ्याच जणांची, नुसत्या तिच्यावर जनावर ठेवू नका, हिरव्या चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्याच्या आतच.

गोठेकरी:
वडिलांना अमेरिकेचं वाचून दाखवलं, खूश झालेत, "बघ मी म्हणत होतो". बरं डॉक्टरसाहेब, आता सोडा रोज चालू ठेवू का? आणि शेजारी म्हणतो अँटिबायोटिकच्या गोळ्या पण दे तोंडानं.

गुरांचा_डॉक्टर:
गोळ्या अजिबात नको, तोंडावाटे दिलेलं अँटिबायोटिक आधी कोठीपोटातच उतरतं, आत्ता आणलेले जिवाणू परत मारून टाकाल. लागलंच तर इंजेक्शन, ते पण तुमच्या डॉक्टरांना विचारून. सोड्याचं प्रमाणही तेच ठरवतील. आठवडाभर कोरडा कडबा सढळ हातानं टाका, खुराक मूठमूठ वाढवत न्या. आणि पुढचे काही आठवडे खुरांकडे लक्ष ठेवा, असल्या अपचनानंतर खुरं गरम होऊन सुजतात आणि गाय लंगडते, तेव्हा वेळ न घालवता दाखवा.