सर्वश्रेष्ठ बचावपटू कोण? माझं मत लॉरेन्स टेलरला

हडसनकाठी:
अमेरिकन फुटबॉलच्या गप्पा निघाल्या की सगळे क्वार्टरबॅकवरच, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवरच बोलतात. आज बचावाबद्दल बोलूया. माझ्या मते न्यूयॉर्क जायंट्सचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला, लॉरेन्स टेलर (१९८१ ते १९९३) सर्वांत मोठा. १९८६ साली त्याने साडेवीस सॅक घेतले, म्हणजे तितक्यांदा क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत आडवा केला, आणि अख्ख्या लीगचा (एनएफएलचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावपटूला हा मान आजवर दोनदाच मिळालाय. पहिला मानकरी ॲलन पेज, १९७१.

पण आकडे बाजूला ठेवा. टेलर यायच्या आधी बाहेरून घुसणाऱ्या लाइनबॅकरला अडवायचं काम रनिंग बॅककडे, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे असायचं. टेलरपुढे ते टिकेनात. १९८२ च्या जानेवारीत प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) सॅन फ्रान्सिस्कोचा प्रशिक्षक बिल वॉल्शने खास त्याच्यासाठी जॉन एअर्स हा गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकसमोरच्या फळीतला धिप्पाड गडी लावला. वॉशिंग्टनचा प्रशिक्षक जो गिब्जने तर जास्तीचा टाइट एंड (फळीच्या टोकाला राहून अडवणारा आणि पास झेलणारा खेळाडू) घेऊन मांडणीच बदलली. एका माणसासाठी समोरच्याला आपला खेळ नव्याने आखावा लागला, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

ग्रीनबेवाला:
दादा, मांडणीचा मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य. आधी फिलाडेल्फिया आणि मग ग्रीन बेच्या बचावाच्या पहिल्या फळीतला रेजी व्हाइट! १९८७ च्या खेळाडूंच्या संपामुळे त्याला १२ सामनेच मिळाले, त्यात २१ सॅक. तेव्हाचा विक्रम २२ चा होता, तोही पूर्ण १६ सामन्यांच्या हंगामातला. चार सामने आणखी मिळाले असते तर?

टेलर मोकळ्या जागेतून धावत यायचा. व्हाइट ओळीत हात टेकून उभा राहायचा, समोर धिप्पाड असे दोघे. एका हाताच्या हिसक्याने तो त्यातल्या एकाला बाजूला फेकायचा. ती चाल अंगात ताकद असल्याशिवाय शिकवून येत नाही. कारकिर्दीत १९८ सॅक, आणि मेम्फिसकडून दुसऱ्या लीगमध्ये खेळलेली सुरुवातीची दोन वर्षं यात धरलेलीच नाहीत. १९९७ च्या जानेवारीतल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, एकट्याने तीन सॅक. ग्रीन बेला २९ वर्षांनी करंडक मिळाला.

जुनीवही:
तुम्ही दोघेही सॅक मोजताय, पण लीगने ते अधिकृतपणे मोजायला सुरुवातच १९८२ मध्ये केली. टेलरचं पहिलं वर्षसुद्धा त्यात नाही. मग डीकन जोन्सचं काय? 'सॅक' हा शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यालाच देतात. १९६१ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला चौदाव्या फेरीत घेतलं, म्हणजे जवळजवळ कुणालाच नको होता. हंगाम १४ सामन्यांचे. नंतर अभ्यासकांनी जुनी नोंद तपासून त्याचे १७३.५ सॅक मोजले. समोरच्याच्या शिरस्त्राणावर थाप मारून पुढे जायची त्याची चाल १९७७ मध्ये नियमाने बंद झाली.

हडसनकाठी:
जुनीवही, खरं आहे, मोजणीचा मुद्दा माझ्या ध्यानातून सुटला होता. मात्र ती थाप आज चालली नसती, हेही धरायला हवं.

सांजवारा:
सगळी चर्चा क्वार्टरबॅकला पाडण्यावरच का? चेंडू हवेत गेल्यावर तो हिसकावणारे बचावपटू नाहीत का? डिक 'नाइट ट्रेन' लेन. कुठल्याही संघाने निवडला नव्हता. विमानाच्या कारखान्यातलं काम सोडून रॅम्सच्या कार्यालयात स्वतः जाऊन उभा राहिला. १९५२, पहिलंच वर्ष, १२ सामने, १४ इंटरसेप्शन, म्हणजे तितक्यांदा समोरच्याचा पास हिसकावला. आज हंगाम १७ सामन्यांचा झालाय आणि पास कितीतरी जास्त फेकतात, तरी ७० वर्षांहून अधिक काळ तो विक्रम तसाच उभा आहे. मला यापुढे कुठलाच सॅक मोठा वाटत नाही.

ग्रीनबेवाला:
ताई, लेनबद्दल आदर आहेच. पण कॉर्नरबॅकच्या, म्हणजे लेनसारख्या कडेला राहून पास अडवणाऱ्याच्या बाजूला पासच टाकायचा नाही, असं क्वार्टरबॅक ठरवू शकतो. व्हाइटपासून कुठे पळणार?

सांजवारा:
बाजू सोडून द्यावी लागणं, अर्धं मैदान बंद होणं, हाच तर त्याचा परिणाम. डीऑन सँडर्सने १९९४ मध्ये तेच केलं आणि वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

नवाप्रेक्षक:
मी २०१५ पासून बघतोय, म्हणून रॅम्सच्या ॲरन डोनाल्डचं नाव घेतो. पहिल्या फळीत मधल्या जागी खेळून २०१८ मध्ये साडेवीस सॅक! मधल्या माणसावर दोघे तर हमखास धावून येतात, आणि हल्ली क्वार्टरबॅकला हात लावायचे नियमही किती कडक झालेत. २०२२ च्या सुपर बोलमध्ये शेवटच्या मिनिटात, चौथ्या डाउनला (समोरच्याच्या शेवटच्या प्रयत्नात), त्यानेच सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरोला गरगर फिरवून सामना संपवला. रॅम्स २३-२० जिंकले.

हडसनकाठी:
डोनाल्ड माझ्या पहिल्या पाचांत आहे. तरी माझं मत बदलत नाही. न्यू ऑर्लिन्सचा नोव्हेंबर १९८८ चा सामना बघा. टेलरच्या छातीचा स्नायू फाटलेला, खांदा पट्ट्यांनी आवळून बांधलेला, तरी तीन सॅक आणि दोनदा चेंडू सोडायला लावला. जायंट्स १३-१२ जिंकले. त्याला वेदनेने कळवळताना पाहिलं की माझा घसा अजून दाटतो.

ग्रीनबेवाला:
तो सामना मीही पाहिलाय, आणि त्या खेळीला मनापासून सलाम. मत व्हाइटलाच. १९८६ ते १९९८ सलग तेरा वर्षं तो प्रो बोलसाठी (निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी) निवडला गेला, आणि त्यातल्या शेवटच्या, १९९८ च्या हंगामात पुन्हा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, तेव्हा तो ३७ व्या वर्षात होता.