पेठांत चालत खेळायची गोष्ट: सुरुवात कुठून करू?

प्रश्न: भाचरांसाठी रविवारी सकाळी खेळ रचतेय. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणलं, त्या पाण्याचा माग काढणारा भिस्ती. मुलं चिठ्ठ्या वाचत जुने हौद शोधतील. सुरुवात शनिवारवाड्यापासून करू?

उत्तर: दिल्ली दरवाज्यापाशीच करा! हत्तींची धडक अडवणारे अणकुचीदार खिळे मोजायला लावा, तोच आकडा पुढच्या कोड्याची किल्ली. शिवाजी रस्ता मात्र मुलांना एकट्याने ओलांडायला लावू नका.

उत्तर: २०१६ मध्ये पोकेमॉन गो खेळताना माझी नजर फोनवरच असायची, वाडे दिसलेच नाहीत. कागदी चिठ्ठ्याच ठेवा.

प्रश्नकर्ती: ठरलं. शेवटची चिठ्ठी कसब्यातल्या फुलवाल्या मावशींकडे. “पाणी कुठं मुरतंय?” विचारलं, की त्या पुडीतून देतील.