रुबेन गोन्सालेस 'सापडला' कसा?

क्युबन पियानोवादक रुबेन गोन्सालेसबद्दल म्हणतात, 'तो सत्तरीनंतर अचानक सापडला'. हे वाक्य मला पटत नाही. सापडला तो आपल्याला. हवानात त्याला १९४०च्या दशकापासून ओळखत होते. आर्सेनिओ रोद्रिगेसच्या वाद्यवृंदात तो पियानोला होता, म्हणजे 'सोन' हे क्युबन नृत्यसंगीत नव्याने घडत होतं तेव्हा तो त्या खोलीतच होता! पुढे एन्रिके होरीनच्या चा-चा-चा (हाही क्युबन नृत्यसंगीताचा प्रकार) वाद्यवृंदात तब्बल २५ वर्षं.

मधली शांतता मात्र खरी. होरीन १९८७ मध्ये वारला, नंतर रुबेननेही वाजवणं सोडलं. बोटांना संधिवात, आणि घरात पियानोच नाही. होता तो किडीने खाल्ला होता. १९९६ मध्ये हुआन दे मार्कोस हा क्युबन संगीतकार त्याला हवानातल्या एग्रेम या ध्वनिमुद्रण स्टुडिओत घेऊन गेला. मग हा गडी रोज सकाळी दार उघडायची वाट पाहत उभा, दार उघडलं की थेट पियानोकडे. त्याच्या नावाचा पहिला अल्बम तिथेच दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला.

ऐकायचंच तर 'पुएब्लो नुएवो' ऐका. सुरुवातीला दान्सोन, म्हणजे जोडीने नाचायचं जुनं क्युबन संगीत, अगदी सभ्य, दिवाणखान्यातला. पुढे बासवादक काचाइतोचा बास एकच स्वराकृती घोळवत राहतो आणि त्यावर रुबेन मजेत भटकतो, मध्येच वरच्या पट्टीत एखादा खट्याळ तुकडा टाकून परत येतो. घाई कुठेच नाही. संधिवात झालेली बोटं ती हीच का, असा प्रश्न पडतो.