गच्चीवर शनिवारी काय लावायचं?

ए ३०२ मुग्धा: नमस्कार. शनिवारी गच्चीवर 'तुंबाड' सिनेमा लावायचं कोणी ठरवलं ते कळेल का? आमचा मुलगा रात्री झोपत नाहीये. आज सकाळी मी कणीक मळायला घेतली तर किंचाळत बाहेर पळाला. त्याला वाटतं पिठाचा वास आला की सिनेमातला तो राक्षस, हस्तर, येतो. डब्यात पोळी नेली नाही, ब्रेड नेला.

बी ६०१ चिन्मय: ताई, मीच लावला. पण 'लहान मुलांना आणू नये' असं शुक्रवारीच लिहिलं होतं. वर जाऊन बघा.

ए ३०२ मुग्धा: पाण्याच्या टँकरच्या मेसेजखाली लिहिलं होतं. तिथे कोण बघतं? मागच्या खेपेला 'झपाटलेला' होता, पोरं हसून लोळत होती. मला वाटलं तसलंच काही असेल.

सी १०४ आपटे: सदर चित्रपटास 'ए' प्रमाणपत्र आहे. कमिटीने पाहायला हवं होतं. असो. माझा मूळ मुद्दा वेगळा. प्रोजेक्टर कॉमन मीटरवर चालतो. जे बघत नाहीत त्यांनी बिल का भरायचं?

बी ६०१ चिन्मय: आपटे काका, पावणेदोन तासांचा सिनेमा. एक युनिट जळत नाही.

सी १०४ आपटे: प्रश्न युनिटचा नाही. तत्त्वाचा आहे.

ए ५०१ राजवाडे सर: मुलांचं राहू द्या, मोठ्यांनी तरी असलं काय म्हणून बघायचं? ज्या गावात नारळीकरांनी आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था उभी केली तिथे आपण गच्चीवर सतरंज्या टाकून भुताची म्हातारी बघतो. 'इंटरस्टेलर' लावा. त्याला किप थॉर्न सल्लागार होते, ज्यांना २०१७ चं नोबेल मिळालं, गुरुत्वीय लहरींसाठी. त्याच लहरी पकडायला लायगोची प्रयोगशाळा आपल्याकडे औंढ्याला होणार आहे.

बी २०३ स्नेहल: औंधला?? परिहार चौकात आधीच ट्रॅफिक काय कमी आहे?

ए ५०१ राजवाडे सर: औंढा नागनाथ. हिंगोली जिल्हा.

बी ६०१ चिन्मय: सर, 'इंटरस्टेलर' मलाही आवडतो. पण त्यात बाप कृष्णविवरात पडतो आणि थेट मुलीच्या पुस्तकांच्या कपाटामागे निघतो. ते शास्त्र, आणि आमची म्हातारी तेवढी अंधश्रद्धा?

ए ५०१ राजवाडे सर: तिथे पटकथेचं स्वातंत्र्य घेतलं आहे.

बी ६०१ चिन्मय: म्हणजे हॉलिवूडने घेतलं की स्वातंत्र्य 🙏

सी ४०२ देशपांडे काकू: मला विचाराल तर 'रात्रीस खेळ चाले' मालिकेचा पहिला भाग. २०१६ सालचा. घरात मयत झालेलं, सगळे गोळा झालेले आणि डोळे इस्टेटीवर. भूत धड दिसायचंसुद्धा नाही, तरी आम्ही जेवणं उरकून, खिडक्या लावून बसायचो. पुढे अण्णा आणि शेवंता इतके गाजले की भीती पार पळाली. आवडीने बघितलं हो, ते वेगळं!

सी २०१ परब: काकू, तुमची करमणूक होते, नाव आमचं खराब होतं. तुमच्या मालिकेतला नाईकांचा वाडा कोकणात, तुंबाड कोकणात, 'मुंज्या' कोकणात. देशावर कोणी मरतच नाही का? त्यात तुंबाडच्या वाड्याचं शूटिंग कुठे, तर सासवडला. भूत आमचं आणि भाडं पुणे जिल्ह्याला.

बी २०३ स्नेहल: पुण्याला आहे ना! शनिवारवाडा. 'काका मला वाचवा' 😂

सी १०४ आपटे: काकांना यात ओढू नये. मीटरचं उत्तर अजून आलेलं नाही.

बी ६०१ चिन्मय: परब काका, भूत तरी कोकणातलं कुठे? तुंबाड सुचला भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या कथेवरून. धारप पुण्याचे.

ए ५०१ राजवाडे सर: आणि धारपांनी ती कथा, 'आजी', स्टीफन किंगच्या कथेवरून बेतली. अर्धवट माहिती देऊ नये.

बी ६०१ चिन्मय: सर, तुम्ही धारप वाचता???

ए ५०१ राजवाडे सर: कॉलेजात असताना. त्यांच्या 'समर्थ' या नायकाच्या सगळ्या कथा. त्या काळी सगळेच वाचत.

ए ३०२ मुग्धा: विषय कणकेचा होता.

बी ६०१ चिन्मय: ताई, सॉरी. पण एक सांगू का, त्यात हस्तर भीतिदायक नाहीच. तो बिचारा भुकेला, पिठासाठी येणारा, आणि माणसंच त्याच्या सोन्याच्या मोहरा पळवतात. खरा काटा येतो तो बाप मुलाला दोरावरून उतरायला शिकवतो तेव्हा. दुकानाच्या गल्ल्यावर बसायला शिकवावं तसं. २०१८ ला आला तेव्हा थिएटरं रिकामी होती. २०२४ ला पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमावला. उगाच नाही.

ए ३०२ मुग्धा: सात वर्षांच्या मुलाला बापाचा लोभ दिसत नाही हो. त्याला लाल राक्षस दिसतो. आणि रात्री तीनला तुम्ही येत नाही, मी उठते.

सी २०१ परब: हे मात्र खरं.

बी २०३ स्नेहल: *हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे*

सी ४०२ देशपांडे काकू: काय होतं गं? वाचायच्या आत गेलं.

सी १०४ आपटे: पुन्हा विचारतो. प्रोजेक्टर कॉमन मीटरवर चालतो. जे बघत नाहीत त्यांनी बिल का भरायचं?

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, चर्चा थांबवावी. यापुढे सिनेमाचं नाव आणि प्रमाणपत्र नोटीस बोर्डवर लागेल. 'ए' असेल तर रात्री दहानंतर, क्लबहाउसमध्ये, आवाज कमी. येत्या शनिवारसाठी पोल टाकतो आहे: 'इंटरस्टेलर' की 'पछाडलेला'.

ए ५०१ राजवाडे सर: पोल कशाला? विषय स्पष्ट आहे.

सी १०४ आपटे: 'इंटरस्टेलर' २ तास ४९ मिनिटं. तुंबाड १ तास ४४. म्हणजे वीज दीडपटीहून जास्त. नोंद घ्यावी.

सी ४०२ देशपांडे काकू: मी दोन्हीला मत दिलं. चालतं ना?