छंदात प्रगती नसेल, तर तो छंदच कसला?

कोरा कागद
परवा कपाट आवरताना जलरंगांच्या जुन्या वह्या हाती लागल्या. सहा वर्षांपूर्वीचं एक झाड आणि गेल्या रविवारचं एक झाड शेजारी शेजारी ठेवलं. कुठलं कधीचं, हे मला स्वतःला मागची तारीख बघून ठरवावं लागलं. दोन्हीकडे तोच चिखलासारखा हिरवा आणि तेच काठीला कापूस चिकटवल्यासारखं खोड. सहा वर्षं, बहुतेक प्रत्येक रविवार. आणि कुणी विचारलं की मी ऐटीत सांगतो, मला चित्रकलेचा छंद आहे.

माझं म्हणणं असं. छंद 'लागतो', जसं वेड लागतं. लागला की माणूस स्वस्थ बसत नाही, आज जमलं नाही ते उद्या कसं जमेल हे त्याला कुरतडत राहतं. ते कुरतडणं नसेल तर खुशाल विरंगुळा म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण छंद म्हणू नका.

विल्यम हर्शेल बघा. पोटापाण्याचा धंदा संगीताचा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. फावल्या वेळात आकाश बघायचा. मनासारखी दुर्बीण मिळेना म्हणून आरसे स्वतः घासायला लागला. १३ मार्च १७८१ च्या रात्री घरामागच्या बागेतून त्याला एक वेगळाच ठिपका दिसला. आधी त्याला तो धूमकेतू वाटला, निघाला युरेनस. याला म्हणतात छंद. मी तेच झाड रंगवतोय.

दुपारची झोप
असहमत. आणि हर्शेलची गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. पुढच्याच वर्षी राजानं त्याला खगोलज्ञ म्हणून वार्षिक वेतन सुरू केलं आणि संगीताची नोकरी सुटली. म्हणजे छंदाची नोकरी झाली. तुमचा आदर्श छंद प्रगती करता करता मेला की हो!

शिवाय त्याची बहीण कॅरोलिन. तो तासन् तास आरसा घासत बसायचा, हात काढता यायचे नाहीत, तेव्हा ती त्याला घास भरवायची. ती स्वतः गायची, कार्यक्रम करायची. ते गाणं भावाच्या दुर्बिणीपायी मागे पडलं. एकाच्या ध्यासाचं बिल घरातलं दुसरं माणूस भरतं, हे या 'वेड लागलं पाहिजे'वाल्यांच्या हिशेबात कधी येत नाही.

अडीच घरं
कॅरोलिनवरून फार हळहळू नका. तिनं पुढे स्वतः आठ धूमकेतू शोधले, पहिला १७८६ साली.

पण मुद्द्यावर मी झोपसाहेबांच्या बाजूचा. मी मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. सुरुवातीला मजा यायची, वजीर फुकट घालवला तरी स्वतःवर हसायचो. मग रेटिंगच्या आकड्याकडे लक्ष गेलं. ११८० वरून १२०० गाठायला दोन महिने घातले, आणि एका रात्रीत ओळीनं पाच डाव हरून ११२० वर आलो. त्या रात्री झोप लागली नाही. ऑफिसात आकडे, घरी आकडे! आता रेटिंग नसलेले डाव खेळतो. बहुतेक वेळा हरतो, आणि झोप छान लागते.

कोरा कागद
अडीच घरं, तुमचं भांडण आकड्याशी आहे, प्रगतीशी नाही. आकडा तुमची तुलना दुसऱ्याशी करतो. मी माझ्याच जुन्या वहीशी करतोय.

टाक्यावर टाका
मी क्रोशाचं विणते. नऊ वर्षं एकच चौकोन. चौकोन जोडायचे, पांघरूण करायचं, कुणाला तरी देऊन टाकायचं. नवा नमुना शिकायची अजिबात इच्छा नाही, कारण नवा नमुना म्हणजे टाके मोजणं. मला हात गुंतलेले आणि डोकं मोकळं हवं असतं. सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा त्यांच्या उशाशी बसून चार पांघरुणं झाली. त्या वेळी मला कुणी 'तुझी प्रगती काय' म्हणून विचारलं असतं, तर सुई उगारली असती.

एक मात्र कबूल करते. पहिल्या पांघरुणाच्या कडा सापासारख्या वळवळत होत्या, आता फूटपट्टी लावली तरी चालेल. केव्हा सरळ झाल्या ते माहीत नाही.

कोरा कागद
ताई, हीच तर प्रगती! माझ्या बाबतीत सहा वर्षांत ही 'आपोआप'सुद्धा झाली नाही, म्हणून तर पोटात दुखतंय.

पुराव्यानिशी
धागालेखकांसाठी एक जुना प्रयोग. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली, चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर आधी आमिष दाखवलेली मुलं मोकळ्या वेळात रंगांकडे बाकीच्यांच्या निम्म्यानंच वळत होती. आवडीला बाहेरचं कारण जोडलं की आवड आटते.

कोरा कागद
प्रयोग बक्षिसाचा आहे हो, सुधारणेचा नाही. मला प्रमाणपत्र नको, बरं झाड हवंय. उलट त्यातली न सांगता बक्षीस मिळालेली मुलं बिघडली नाहीत, हेही बघा.

पुराव्यानिशी
मान्य, मुद्दा ताणला. तरी माझा रोख त्यामागच्या सवयीवर आहे. एखाद्याला केक बरा जमला की चार लोक म्हणतात, विकायला सुरुवात कर. फोटो बरा आला की स्पर्धेला पाठव. 'चांगलं जमतंय' आणि 'मग याचं काहीतरी कर' यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही जागा उरलेली नाही. तुमची वही तुम्ही कुणाला दाखवत नसाल तर सुखी आहात.

फरशीचं कोडं
डेव्हिड स्मिथचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? गणिताची पदवी नाही, छापखान्याच्या कामातून निवृत्त झालेला माणूस, आकारांशी खेळायचा नाद. २०२२ मध्ये त्याला एक तेरा बाजूंचा आकार सापडला, साधारण टोपीसारखा दिसणारा. जाड कागदाचे तुकडे कापून तो जोडत गेला. पृष्ठभाग भरत होता, फट पडत नव्हती, पण नक्षीची पुनरावृत्ती काही सापडेना. एकाच आकाराच्या फरशीनं असं करता येतं का, हा प्रश्न गणितज्ञ कित्येक दशकं घेऊन बसले होते. मग तिघांच्या मदतीनं सिद्धता झाली आणि मार्च २०२३ मध्ये जगासमोर आली. (जुळवताना काही फरशा उलट्या कराव्या लागतात, म्हणून काहींनी नाक मुरडलं. मग त्याच चमूनं काही महिन्यांत उलटी न करावी लागणारीही दिली.)

तो काही 'पुढची पायरी' चढायला बसला नव्हता. कागद कापत बसला होता. कात्री घेऊन बसलेल्या माणसाला 'ध्येय काय' म्हणून विचारू नये.

कोरा कागद
पण हजार आकार हाताखालून गेल्याशिवाय 'हा काहीतरी वेगळा वागतोय' हे कळलं असतं का? कुणाच्याही टेबलावर तो आकार ठेवला असता तर कुणीही कचऱ्यात टाकला असता. नजर तयार झाली होती. मी त्या नजरेबद्दलच बोलतोय.

दुपारची झोप
नजर तयार झाली, केली नाही. तुमचं सगळं घोडं या एका क्रियापदावर अडलंय.

वीस मिनिटं
तुमची चर्चा वाचून हेवा वाटतो. मला दिवसातून वीस मिनिटं मिळतात, तीही सगळे झोपल्यावर. त्यात मी शब्दकोडं सोडवते. कधीकधी कालच्यासारखेच शब्द येतात आणि मला ते आवडतं. ज्याच्याकडे सबंध रविवार आहे त्यानं प्रगतीची चिंता करावी.

कोरा कागद
हे बोचलं. यावर उत्तर नाही माझ्याकडे.

पाणी जास्त
छंद की विरंगुळा ते तुम्ही ठरवा, पण तो चिखल मला बघवत नाहीये. पिवळा कुठला वापरता? केशरीकडे झुकणारा असेल तर त्यात तांबड्याची छटा असते, निळ्यात मिसळला की हिरवा मळतो. लिंबाच्या सालीसारखा थंड पिवळा घ्या. तीन-तीन रंग एकत्र कालवू नका. आणि पहिला थर पूर्ण वाळू द्या. ओलसर असताना ब्रश फिरवत राहिलात की खालचा रंग सुटून वर येतो. दहा मिनिटं उठून फिरून या.

कोरा कागद
पिवळा केशरीकडचाच निघाला. सहा वर्षं तीच ट्यूब, संपली की तीच परत आणायची.

कोरा कागद
(आठ दिवसांनी) नवीन पिवळा आणला. थर वाळेपर्यंत खरंच उठून गेलो. हिरवा हिरवा दिसतोय. खोड अजून काठीच आहे.

दुपारची झोप
झाली ना प्रगती? आता खोडाला हात लावू नका.

कोरा कागद
लावला. बिघडलं. पुढच्या रविवारी परत.