पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफर पट्ट्याजवळच्या टेकडीवर रिसॉर्टचं काम सुरू झालंय, हरकत कुठे घ्यायची?

पायवाट_नागपूर:
रामटेकच्या पुढे, बफरला लागून सागाची टेकडी आहे. नागपूरचे चालणारे आणि पक्षी पाहणारे वर्षानुवर्षं तिथे जातात, गावकऱ्यांची गुरंही त्याच वाटेने वर चढतात. आता पायथ्याशी सिमेंटचे खांब गाडलेत, जेसीबीने वाट रुंद केली आहे. गावात रिसॉर्ट आणि झिपलाइनची चर्चा आहे, पण फलक नाही की नोटीस नाही. सह्यांची मोहीम घ्यावी की थेट कोर्टात जावं?

खसरा_आधी:
भाऊ, सह्या नंतर. आधी जमिनीचा वर्ग कागदावर आणा. खांबांजवळ उभं राहून अक्षांश-रेखांश नोंदवा, भूनकाशावर खसरा क्रमांक (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक) शोधा आणि डिजिटल सहीचा सातबारा काढा (15 रुपये). मालकाचं नाव वाचून थांबू नका, इतर अधिकार आणि फेरफारही तपासा.

नोंद 'झुडपी जंगल' (महसूल कागदांतली झुडपांची जमीन) अशी निघाली तर तुमची बाजू खूप भक्कम होते. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या या जमिनी आपल्याच 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानुसार वनजमीनच धरल्या आहेत. तिथे खासगी रिसॉर्ट बांधायचं तर वन संवर्धन कायदा 1980 च्या कलम 2 खाली केंद्राची मंजुरी लागते.

जमीन खासगी निघाली तरी हात टेकू नका. वाजिब-उल-अर्ज मागा. महसूल संहितेच्या कलम 165 प्रमाणे खासगी जमिनीतल्या वहिवाटीच्या वाटा आणि पाण्याचे हक्क त्यात नोंदलेले असतात. सरकारी जमिनीवरच्या चराई-जळणासाठी कलम 161 चं निस्तार पत्रक बघा. ही दोन्ही कागदपत्रं विदर्भाची खास ताकद आहेत, आणि हरकत घेणारे बहुतेक जण ती मागतच नाहीत.

बफर_वाचा:
पर्यावरण मंजुरीच्या सुनावणीची वाट पाहत बसू नका. 2006 च्या अधिसूचनेत इमारत प्रकल्पाला मंजुरी लागते ती 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे, आणि या गटाला जनसुनावणी मुळातच नाही. कॉटेजवालं रिसॉर्ट सहज या मर्यादेखाली राहतं. म्हणून अकृषक परवानगी, बांधकाम परवानगी आणि ग्रामपंचायतीचे ठराव या तिन्हींच्या प्रती माहिती अधिकारात मागा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवसांत उत्तर. 'संपूर्ण माहिती द्या' असं मोघम लिहिलं की अर्ज परत येतो. खसरा, गाव, कालावधी आणि कोणता कागद हवा, हे नेमकं लिहा.

वनजमिनीवर 'इको-टुरिझम' असा शब्द दिसला तर सावध व्हा. वन संवर्धन कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने कार्य आयोजनेत (वन विभागाच्या व्यवस्थापन आराखड्यात) किंवा व्याघ्र संवर्धन आराखड्यात समाविष्ट अशा सुविधांना सूट दिली आहे. ही सुविधा खरंच आराखड्यात आहे का, हे वन विभागाला लेखी विचारा. जागा दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या पट्ट्यात असेल तर असे पट्टे घातक वापरासाठी वळवू नयेत म्हणणारं वन्यजीव कायद्याचं कलम 38-ओ हरकतीत जरूर घाला.

ग्रामसभा_मोठी:
वरच्या दोन्ही उत्तरांत गाव राहून गेलं. शहरातल्या हजार सह्यांपेक्षा ग्रामसभेचा एक ठराव जड असतो. वनहक्क कायदा 2006 खाली सामूहिक वनहक्काचा दावा केलाय का, विचारा. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) ला 2009 मध्ये असाच हक्क मिळाला. या कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, त्यात एक-तृतीयांश महिला. गणपूर्ती नोंदली नसेल तर तेवढ्यावरच ठराव पडतो. आणि गावातल्या पोरांना रोजगार हवा असेल तर तो प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर न देता गावाकडे पाठिंबा मागणं मला पटत नाही.

मुदत_पाळा:
तारखांची वही ठेवा. हरित लवादाच्या पुणे खंडपीठात मंजुरीविरुद्ध अपील 30 दिवसांत करावं लागतं, सबळ कारण दाखवलं तर आणखी 60. पर्यावरणाच्या इतर वादांसाठी लवाद कायद्याच्या कलम 14 खालच्या अर्जाला सहा महिने.

मुदती समोरच्यालाही असतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या जम्बो खोऱ्यात स्की रिसॉर्ट येणार होतं. टुनाहा आदिवासी तिथली जागा पवित्र मानतात, पण 2017 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. प्रकल्प मोडला तो वेगळ्याच कारणाने: ठरलेल्या मुदतीत 'भरीव सुरुवात' झाली नाही म्हणून 2015 मध्ये पर्यावरण प्रमाणपत्र संपल्याचं जाहीर झालं. काम किती झालं, हाच तिथे कळीचा मुद्दा होता. आपल्याकडे नगररचना कायद्याच्या कलम 48 प्रमाणे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, त्यापुढे दर वर्षी वाढवून जास्तीत जास्त आणखी तीन. म्हणून दर पंधरवड्याला त्याच चार ठिकाणांहून तारखेसह फोटो काढा. राखीव वनात विनापरवाना शिरू नका, ड्रोन उडवू नका, घरट्यांची ठिकाणं जाहीर करू नका.

पायवाट_नागपूर:
सातबारा काढला. वरचा भाग झुडपी, खालचा खासगी. खांब नेमके सीमेवर आहेत. आता?

खसरा_आधी:
मग सरकारी मोजणी हवी. तहसीलदार आणि उपवनसंरक्षक, दोघांनाही अर्ज द्या: 'संयुक्त मोजणी होऊन सीमा ठरेपर्यंत काम थांबवावं.' सोबत सातबारा, नकाशा आणि खांबांचे अक्षांश-रेखांश जोडा. दोन्हीकडून आवक क्रमांकाचा शिक्का घ्या, तो नसेल तर पुढे अर्ज दिल्याचा पुरावाच राहत नाही.