शब्दचर्चा : ‘बेचिराख’मध्ये राख नाही

भडगावहून, एक शिक्षिका

नववीच्या वर्गात दुसरे महायुद्ध चालू आहे. ‘६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा शहर बेचिराख झाले’ असे मी फळ्यावर लिहिले. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, “मॅडम, राख समजली, पण ‘बेचि’ म्हणजे काय?” मला सांगता आले नाही. उद्या विचारून सांगते, असे म्हणाले आहे. कुणाला माहीत असेल तर सांगा.

शिरपूरहून, निवृत्त तलाठी

ताई, मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण शब्दाची फोडच तशी नाही. बेइमान, बेघर, बेवारस यांतला जो ‘बे’, तोच हा. त्याच्यापुढे ‘चिराग’, म्हणजे दिवा. बे-चिराग, जिथे दिवा लागत नाही असे. फारसीतून आलेला शब्द आहे. आपल्या तोंडी ‘ग’चा ‘ख’ झाला, आणि शेवटी राख ऐकू येऊ लागल्यावर लोकांनी जळणे, भस्म होणे हा अर्थ त्याला जोडला असावा. हिरोशिमाला तो आज चुकीचा म्हणता येणार नाही, रूढ झाला आहे. पण महसुली दप्तरात अजून जुनाच अर्थ चालतो.

माझ्या पहिल्या सज्जात, म्हणजे तलाठी म्हणून माझ्याकडे असलेल्या भागात, चार गावे होती. त्यांतल्या एका गावापुढे शेरा होता : बेचिराख. त्या गावाला शीव आहे, गट नंबर आहेत, सातबारे आहेत, शेतसाराही वसूल होतो. घर मात्र एकही नाही. खातेदार सगळे शेजारच्या गावी राहतात. मी पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा चिंचेची दोन झाडे, एक शेंदूर लावलेला दगड आणि पांढरीचा, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेचा, उंचवटा, एवढेच दिसले.

सरकारच्या लेखी दिवा ही वस्तीची खूण. दिवा म्हणजे चूल, चूल म्हणजे कुटुंब, कुटुंब म्हणजे सारा. म्हणून दिवा नसलेल्या गावाला वेगळा शब्द लागला. तो दिवा कुणी विझवला, हे मात्र शब्दात नाही, आणि मला तेच कायम खटकत आले आहे. रोगराईने, पाण्यावाचून, पुराने गावे उठली, हे खरे. पण खानदेशात फौजांनी उठवलेली गावेही आहेत.

आपला मुलूख वाटेवरचा. उत्तरेतून दख्खनेत उतरायचे तर सातपुडा ओलांडून बुऱ्हाणपूर, आणि पुढे तापीचे खोरे. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने बुऱ्हाणपूरजवळचा अशीरगड घेतला, खानदेशच्या फारुकी सुलतानांचे दोनशे वर्षांचे राज्य संपले. त्याने सुभ्याला आपल्या मुलाच्या, दानियालच्या, नावावरून ‘दानदेश’ असे नाव दिले. कागदावर ते आले, पण लोकांच्या तोंडात बसले नाही. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने हाच मुलूख तुडवला आणि लगेच १८०३-०४ चा दुष्काळ पडला. या दोन गोष्टी वेगळ्या समजू नयेत. फौज येते तेव्हा नुसते दागिने जात नाहीत. तोफा ओढायला बैल नेतात, घोड्यांना कडबा नेतात, कणगीतले बियाणे खाऊन टाकतात. मग मृग बरसला तरी तिफणीला बैल नाही आणि चाड्यात टाकायला दाणा नाही. माणूस एक पाऊस वाट पाहतो, दुसऱ्या वर्षी लेकरे घेऊन निघून जातो.

पुढे जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरला तह झाला आणि होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला मुलूख इंग्रजांना दिला. तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदाराने किल्ला सोडला नाही. फेब्रुवारीत इंग्रज आत शिरले, शिबंदी, म्हणजे किल्ल्यातली फौज, कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिली. शिरपूरहून थाळनेर जवळ आहे, मी पुष्कळदा जातो. तापीच्या बाजूला तट ढासळत चालला आहे.

चोपड्याहून

आमच्या अहिराणीत हा फारसी शब्द नाहीच. आजी म्हणायची, “गाव उठी गयं.” गाव बसते आणि गाव उठते, माणसासारखे. ‘बेचिराख’ हा बाहेरून मोजणाऱ्याचा शब्द, ‘उठी गयं’ हा जाणाऱ्याचा. मला दुसरा जवळचा वाटतो.

पाचोऱ्याहून

आबा, दप्तराचा विषय निघालाच आहे तर गावांच्या नावांतला ‘प्र.’ही सांगावासा वाटतो. आमच्याकडे ‘सार्वे बुद्रुक प्र. लोहारा’ अशी नावे आहेत. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे, दोन्ही फारसीतून. आणि ‘प्र.’ म्हणजे प्रगणे. परगण्याचा कारभार कधीच संपला, तालुके आले, १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, मग जळगाव-धुळे, १९९८ मध्ये नंदुरबार. तेवढा ‘प्र.’ मात्र सातबाऱ्यावर राहिला. पोरांना विचारले तर ती ‘प्रभाग’ म्हणतात.

शिरपूरहून, निवृत्त तलाठी

‘प्र.’ छान आठवला, भाऊ. त्याच दप्तरातला आणखी एक शब्द ‘खालसा’. मूळ अरबी अर्थ शुद्ध, निर्भेळ. ज्या जमिनीत जहागीरदाराचा वाटा नाही, जिचा वसूल थेट सरकारात जातो, ती खालसा. त्यावरून ‘खालसा करणे’. १८४८ मध्ये सातारा, १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले, असे आपण सहज लिहितो. एक राज्य दुसऱ्याने गिळले आणि त्याला शब्द वापरतो निर्भेळ करण्याचा! परीक्षेच्या उत्तरात मुलांनी तो लिहावा, पण वर्गात त्याचा अर्थ एकदा तरी उलगडून सांगावा.

आणि आपल्या बाजूचेही बोलायला हवे. ‘मुलूखगिरी’ हा शब्द आपण छाती फुगवून वापरतो. घोडदळ घेऊन परक्या मुलखात जायचे, चौथाई वसूल करायची, घोड्यांच्या चाऱ्याच्या नावाने घासदाणा ही खंडणी घ्यायची. सरकारी घोड्यावर लढणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. मराठीत बारगीर म्हणजे साधा स्वार, त्यात वाईट काही नाही. पण नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वर्षानुवर्षे जात राहिल्या, १७५१ च्या तहाने ते थांबले. तिथे या शब्दाचा ‘बर्गी’ झाला, आणि बर्गी म्हणजे लुटारू. आजही बंगालात पोरांना झोपवताना बर्गींचे नाव घेतात. तिकडेही गावे उठली असणार. १८०२ मध्ये खानदेशावर जे आले, ते आपण तिकडे नेलेले होते. खानदेशच्या माणसाला हे इतरांपेक्षा लवकर कळावे, असे मला वाटते.

शहाद्याहून

याच रांगेत ‘बंड’ घाला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला भिल्ल लढले. इंग्रजी राजवटीच्या लेखी ते बंड. आमच्या पाड्यावर भिल्लांचे पुढारी खाजा नाईक यांचे नाव घेताना कुणी बंडखोर म्हणत नाही. पाठ्यपुस्तकांत आता ‘उठाव’ येतो, त्याचे समाधान आहे.

भडगावहून, एक शिक्षिका

आबा, सगळ्यांचे आभार. आज वर्गात सांगितले. ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, दर उन्हाळ्यात बाबा जुन्या गावाच्या जागेवरची पांढरी माती आणून टाकतात. तिथे कुणी राहत नाही. ते गाव बेचिराखच का?”

शिरपूरहून, निवृत्त तलाठी

बहुधा तेच. शेकडो वर्षे भिंती पडून आणि चुलींची राख मिसळून ती माती पांढरी होते. पावसात गळत नाही, म्हणून धाब्याला चांगली. आम्हीही लहानपणी गाडीने आणायचो. चाळताना तिच्यात बांगड्यांचे तुकडे निघायचे, काळे आणि हिरवे. आई ते वेगळे काढून तुळशीपाशी ठेवायची. या उन्हाळ्यात वडिलांबरोबर गाडीवर जाऊन बघ म्हणावे तिला.